विमान ऐकतं, म्हणून दिग्रसला जातं

नागपूरहून उडायचं आणि यवतमाळला उतरायचं, एवढाच आमचा कार्यक्रम. सरळ रेषेत अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. सेसना १७२ नावाचं चार जणांचं विमान ते पाऊण तासात कापतं. आमचंही कापतं. फक्त ते यवतमाळला थांबत नाही. खाली गाव दिसतं, रस्ते दिसतात, आम्ही सगळे ओरडतो, आणि विमान नाक तसूभरही न वळवता दिग्रसला जातं. तिथं कोणी अडवलं नाही तर पुसदला. नकाशावर नागपूर-यवतमाळ रेघ तशीच पुढे ओढून बघा, ती दिग्रस आणि पुसदच्या अंगावरूनच जाते. जिल्ह्यातली प्रत्येक वाट शेवटी पुसदला जाते, हे वसंतराव आणि सुधाकरराव अशा पुसदच्या दोन नाईक मुख्यमंत्र्यांनंतर आम्हाला कोणी सांगायला नको. विमान आपोआप चालवणाऱ्या ऑटोपायलटलाही ते ठाऊक असावं, याचं मात्र नवल वाटतं.

घाबरायचं कारण नाही, विमान कॉम्प्युटरातलं आहे. माझा भाचा गोंदियाजवळ बिरसीला वैमानिक व्हायला शिकतो. दिवाळीला आला आणि आमच्या समोरच्या खोलीत टीव्हीला कॉम्प्युटर जोडून, टेबलाला योक नावाचा दांडा आवळून, पायाखाली दोन पेडल ठेवून गेला.

"मामा, घरी बसून कंटाळून जाल. याच्यात खऱ्या सेसनातलं एकूण एक बटण आहे."

निवृत्त माणसाला एकूण एक बटण आहे असं कधी सांगू नये. शिवाय टीव्ही एकच. सातला हिची मालिका लागते, त्यामुळे पावणेसातला विमान जिथं असेल तिथं खाली आणावं लागतं. आमचे बरेचसे अपघात पावणेसातचे आहेत.

विमानात मी एकटा असतो तर निभावलं असतं. पण विमान उडतंय म्हटल्यावर शेजारचे ड्रायव्हरसाहेब आले. त्यांनी एसटीत उभी हयात नागपूर मार्गावर काढली आहे. त्यांच्यामागे समोरच्या घरातले बँकवाले काका आले. ते नोकरीत रोखपाल होते आणि अजूनही कशावरही सहज विश्वास ठेवत नाहीत. आता आमच्या भागाची रीत अशी, की गाडीत बसलेला प्रत्येक माणूस ड्रायव्हरला गाडी कशी चालवायची ते सांगतो. 'जरा हळू घ्या', 'त्याला मागे टाका', 'इथून डावीकडे मारा, दोन किलोमीटर वाचतात.' ड्रायव्हर हे काहीही ऐकत नाही, आणि म्हणूनच यवतमाळची लोकसंख्या टिकून आहे. ऑटोपायलट हा आमच्या आयुष्यात आलेला पहिला चालक, जो ऐकतो. तुमच्या मनात काय होतं ते विचारत नाही. तुम्ही जे दाबलं, ते करतो. पुढचा सगळा अनर्थ यातून आहे.

पहिलं बटण हेडिंगचं. पडद्यावरच्या होकायंत्राच्या चकतीवर एक निळी खूण असते, तिला वैमानिक 'बग' म्हणतात. ती एका गोल खुंटीनं फिरवायची आणि हेडिंग दाबायचं. खूण जिकडे, विमान तिकडे. याहून सोपं काय असणार? नागपूरच्या ३२ नंबरच्या धावपट्टीवरून आम्ही वायव्येला उडालो, मी ऐटीत हेडिंग दाबलं, आणि विमान डावीकडे यवतमाळला वळायचं सोडून उजवीकडे कलंडलं.

"उजवीकडे काऊन वळून राहिलं?" काका म्हणाले.

"वळसा घेत असेल," मी म्हणालो.

"वर्धा रोड सोडून सावनेरकडे कोणता वळसा?" ड्रायव्हरसाहेब म्हणाले. त्यांना या भागात चकवता येत नाही.

निळी खूण आदल्या दिवसापासून उत्तरेला पडलेली होती. ऑटोपायलटनं ती पाहिली आणि तो निघाला. आम्ही खूण सापडेपर्यंत सावनेर मागे पडलं होतं आणि बँकवाले काका मध्य प्रदेशातल्या नातेवाइकांची नावं सांगू लागले होते.

खूण नैर्ऋत्येला लावायला शिकलो तर वारा आडवा आला. हेडिंग म्हणजे नाकाची दिशा. नाक ठरल्या दिशेला राहतं, पण वायव्येचा जोराचा वारा असला की अख्खं विमान नाकासकट आग्नेयेला सरकत जातं. आम्ही अगदी शिस्तीत यवतमाळकडे तोंड करून राळेगावला पोचलो. तोंड यवतमाळकडे होतं याबद्दल विमानात कोणाचाही वाद नव्हता.

मग भाच्यानं फोनवर नॅव्ह बटण शिकवलं. नॅव्ह म्हणजे नॅव्हिगेशन. मार्ग आधी भरायचा, पडद्यावर गुलाबी रेघ उमटते, नॅव्ह दाबलं की वारा असो नसो, विमान रेघ सोडत नाही. भारीच्या धावपट्टीचे अक्षांश-रेखांश त्यानंच जाताना भरून ठेवले होते. यवतमाळबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, भारी हे गावाचं नाव आहे आणि आमचा विमानतळ तिथं आहे. त्यावर बाहेरगावच्या पाहुण्यांशी आमचा एक ठरलेला संवाद होतो.

"तुमच्याकडे विमानतळ आहे?"

"आहे ना जी."

"मग विमान किती वाजता असतं?"

"विमानतळ आहे."

२००९ साली तो एका खासगी कंपनीला भाडेपट्ट्यानं दिला, तेव्हा गावातल्या लोकांनी मुंबईला किती वाजता निघायचं याची वेळही ठरवून टाकली होती. अजून वेळापत्रकाचं विमान तिथं उतरत नाही. निवडणूक आली की पुढारी उतरतात, तेही वेळापत्रकाशिवाय. शेजारच्या अमरावतीनं मात्र २०२५ च्या एप्रिलमध्ये बेलोऱ्याला मुंबईचं विमान उतरवून दाखवलं, त्याबद्दल आमच्याकडे फार बोलत नाहीत. आमची मूळची गाडी म्हणजे मूर्तिजापूरची शकुंतला. ती १९९४ पर्यंत कोळशावर धावत होती, आता तीही बंद आहे. वर्ध्याहून येणारी नवी रेल्वे २०२४ मध्ये कळंबपर्यंत आली आहे. म्हणजे यवतमाळला यायचं म्हटलं की यंत्रांना अलीकडे किंवा पलीकडे थांबावंसं वाटतं, हा अनुभव आमच्या खोलीपुरता नाही.

तर नॅव्ह. मी बटण दाबलं. पडद्याच्या वरच्या पट्टीत नॅव्ह अशी अक्षरं आली. आम्ही चहा मागवला. विमान रेघेकडे जाईना. डावीकडे रेघ, उजवीकडे आम्ही, मध्ये अंतर वाढत चाललेलं. भाच्याला फोन लावला.

"मामा, अक्षरं हिरवी आहेत का पांढरी?"

"पांढरी."

"मग थे फक्त तयार आहे. पकडलं नाही अजून. विमान रेघेला छेदेल अशी दिशा द्या, मग हिरवं होते."

इथं मला माझं कचेरीतलं आयुष्य आठवलं. आमच्या टेबलावर आलेल्या माणसाला आम्ही सांगायचो, "तुमचं प्रकरण पुढे गेलं आहे." तो आनंदानं घरी जायचा. प्रकरण पुढे जायला तयार असायचं, एवढंच. पांढरं नॅव्ह म्हणजे नेमकं तेच. अर्ज घेतलेला आहे, पोच दिलेली आहे, शिक्का मारलेला आहे, आणि समोरून कोणी धक्का दिल्याशिवाय आयुष्यभर काहीही होणार नाही. हे यंत्र बनवणारा इसम पूर्वी कुठल्या तरी तहसिलीत असणार.

धक्का दिला. हेडिंग वळवलं, विमान रेघेला भिडलं, अक्षरं हिरवी झाली. काय सांगू तो आनंद! खाली वर्धा, मग देवळी, सगळं रेघेवर. मी योकवरचे हात काढून चहाचा कप घेतला. बँकवाल्या काकांनीही उत्साहानं पुढे वाकून एक बटण दाबलं आणि विचारलं, "हे काय आहे?"

आपल्याकडे हा प्रश्न बटण दाबल्यावर विचारतात. लिफ्टमध्ये, बँकेच्या यंत्रावर, दुसऱ्याच्या मोबाइलवर, सगळीकडे आधी दाबायचं आणि मग चौकशी.

ते सीडीआयचं बटण होतं. विमानानं कोणाचं ऐकून चालायचं, आकाशातल्या उपग्रहांचं की जमिनीवरच्या रेडिओ केंद्राचं, हे त्यानं ठरतं. चालू नॅव्हमध्ये हा गुरू बदलला की ऑटोपायलट नॅव्ह सोडून देतो आणि रोल नावाच्या अवस्थेत जातो. रोल म्हणजे पंख आडवे धरून बसायचं. मार्ग नाही, मुक्काम नाही, कोणाची भीड नाही. विमान ज्या दिशेला होतं त्या दिशेला निघालं ते कळंबवरून, यवतमाळवरून थेट दिग्रस. डोलत नाही, हलत नाही, इतकं छान चाललं होतं की कोणालाही शंका आली नाही.

शंका आली ती हिला. ती चहाचे कप न्यायला आली आणि जाता जाता म्हणाली, "अवो, मघा वर नॅव्ह लिहून होतं. आता आरओएल लिहून आहे. थे काय असते?"

"असते काहीतरी," मी म्हणालो.

"मालिकेच्या खाली पट्टी येते, तशी येत असेल," काका म्हणाले.

ही मिक्सरच्या खोक्यावरची माहितीसुद्धा पूर्ण वाचते, तेव्हा तिच्या वाचनाकडे आम्ही फारसं लक्ष देत नाही. दिग्रस दिसल्यावर आम्ही तिघांनी मिळून कंपनीला, भाच्याला आणि नेटवर्कला दोष दिला. भाचा रात्री फोनवर हसून म्हणाला, त्यांच्याकडे पहिलं वाक्य हेच शिकवतात. कोणतं बटण दाबलं ते आठवू नका, वरच्या पट्टीत काय लिहून आहे ते वाचा. आणि ही चूक आमच्यापुरती नाही म्हणे. मोठ्या विमानांचे वैमानिकही एकमेकांना 'हे आता काय करून राहिलं?' असं विचारतात, असा त्यांच्या धंद्यातला जुना विनोद आहे. मला तेवढ्यानं बरं वाटलं. हिला वाटलं नाही. ती म्हणाली, "म्हणजे तेही वाचत नाहीत."

उंचीची बटणं वेगळी, आणि त्यांचा स्वभावही वेगळा. अल्टिट्यूडचं बटण दाबलं की विमान आहे त्या उंचीवर राहतं. काकांचा सल्ला पडला की उगाच फार वर जाऊ नका, पेट्रोल महाग आहे. पंधराशे फूट पुरे. नागपूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून हजार फुटांवर, त्यावर पाचशे फूट म्हणजे काही कमी नाही. वर्धेपर्यंत छान गेलं. आमच्या गावाचा अभिमान म्हणून लहानपणापासून पाठ केलेली गोष्ट मात्र तिघांपैकी एकालाही आठवली नाही. यवतमाळ उंचावर आहे, साधारण साडेचौदाशे फूट. म्हणूनच तर इथली हवा नागपूरपेक्षा बरी. विमानानं शेवटपर्यंत पंधराशे फूट सोडले नाहीत. कळंबच्या पुढे जमीनच हळूहळू वर आली आणि अलीकडच्या एका डोंगरानं आम्हाला गाठलं.

त्यानंतर आम्ही उंचीचा धसका घेतला आणि व्हर्टिकल स्पीड वापरू लागलो. मिनिटाला सातशे फूट चढ, असं सांगितलं की चढतो. किती उंचीवर थांबायचं ते आधी भरलं नाही तर थांबतच नाही. आणि या लहान विमानात ऑटोपायलटचा इंजिनाशी काही संबंध नसतो. इंजिनाचा वेगळा दांडा पुढे ढकलून ताकद तुम्ही द्यायची. उंचावर हवा विरळ, इंजिन दमतं, पण सातशे म्हणजे सातशे, म्हणून तो बिचारा नाक वर वर करत जातो आणि वेग उतरत जातो. शेवटी भोंगा वाजतो, विमान थरथरतं, आणि ज्या क्षणी खरोखर चालकाची गरज असते त्या क्षणी ऑटोपायलट सुटून जातो. आता तुम्ही बघा. अशी माणसं मी बदलीच्या दिवसांत पुष्कळ पाहिली आहेत.

ड्रायव्हरसाहेबांचा एक वेगळाच प्रकार. ऑटोपायलट चालू असतानाही ते योक धरून ठेवत. "एकट्यावर कसं सोडायचं? थोडा हात लावला पाहिजे." भाच्यानं सांगितलं, खऱ्या विमानात हा हात फार महागात पडतो. तुम्ही योक मागे ओढला की ऑटोपायलटला वाटतं विमान बिघडलं, तो तोल साधणारं ट्रिमचं चाक उलट्या बाजूला फिरवत बसतो. तुम्ही जितकी मदत कराल तितका तो विरोधात जोर लावतो, आणि मग हात सोडला की विमान गोता खातं. ड्रायव्हरसाहेबांना हे पटलं. त्यांच्या घरात सून आल्यापासून स्वयंपाकघरात काय चालतं ते त्यांनी पाहिलेलं आहे.

ऑटोपायलट या यंत्राचा इतिहास तर आणखी मजेदार. १८ जून १९१४ ला पॅरिसजवळ सीन नदीवर लॉरेन्स स्पेरी नावाच्या एकवीस वर्षांच्या अमेरिकन पोरानं परीक्षकांसमोरून आपलं विमान नेलं आणि दोन्ही हात डोक्यावर धरले. मग मेकॅनिक एमिल काशँ पंखावर चालत गेला. एका बाजूला माणसाचं वजन पडूनही विमान सरळ राहिलं. बाप-लेकानं बनवलेल्या भोवऱ्यांच्या यंत्रानं तोल सावरला होता, आणि पोरानं पन्नास हजार फ्रँकचं बक्षीस मिळवलं.

"पंखावर जायला त्याला कोणी सांगितलं?" ड्रायव्हरसाहेबांनी विचारलं.

"मालकानं."

"मग बरोबर. आमच्याकडेही टपावर क्लीनरलाच चढवत."

१९३३ मध्ये वायली पोस्ट नावाचा एका डोळ्याचा वैमानिक स्पेरीच्याच कंपनीचा ऑटोपायलट लावून ७ दिवस, १८ तास आणि ४९ मिनिटांत एकटा जगाला प्रदक्षिणा घालून आला. मी हे मोठ्या आवाजात वाचून दाखवलं. काका म्हणाले, "त्याला यवतमाळला उतरायचं नव्हतं."

त्याच्या आदल्या वर्षी, १५ ऑक्टोबर १९३२ ला, जेआरडी टाटांनी पुस मॉथ विमानातून टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबई गाठली. ऑटोपायलट नाही आणि शेजारी बसून सांगणारंही कोणी नाही. यातली दुसरी सोय आम्हाला फार महत्त्वाची वाटते, पण ती आमच्या खोलीत मिळण्यासारखी नाही.

शेवटी ड्रायव्हरसाहेबांनी फर्मान काढलं की ऑटोपायलट बंद, मी नेतो. धावपट्टीवर ते बराच वेळ उभेच.

"चला ना," मी म्हणालो.

"डबल बेल कोण देईल?"

काकांनी तोंडानं टिंग टिंग केलं आणि विमान सुटलं. त्यांनी पडद्यावरची एकही चकती पाहिली नाही. खालचा रस्ता धरला. बुटीबोरी, सेलू, वर्धा, देवळी, प्रत्येक ठिकाणी कोणतं हॉटेल आणि तिथल्या भज्यांची प्रत काय, हे सांगत सांगत कळंब आलं. तिथं त्यांनी विमान आपोआप खाली घेतलं, कारण कळंबला चहा असतो. आम्ही आरडाओरडा करून पुन्हा वर नेलं. आता यवतमाळ समोर होतं, माणसापुढे यंत्राची हार आम्ही डोळ्यांनी पाहणार होतो.

विमान गावाच्या बाजूनं सुळ्ळकन निघून गेलं.

"साहेब, गाव गेलं!"

"जाईल कसं? रस्ता तर हाच आहे."

रस्ता तोच होता. तो तुळजापूरकडे जाणारा नवा चौपदरी होता आणि गावाला बाजूला टाकून आर्णीकडे वळत होता. "माझ्या काळात हा बायपास नव्हता," ड्रायव्हरसाहेब म्हणाले, आणि त्यांनी तो धरूनच ठेवला, कारण एसटीचा माणूस मध्येच रस्ता सोडत नाही. आर्णीला उजेड होता. भारीची धावपट्टी मागे कुठेतरी राहिली.

आता हिची पाळी आहे. तिनं कोणाला न विचारता टीव्हीच्या कोपऱ्यात एक चिठ्ठी लावली आहे, 'आधी वर वाचा.' काकांनी ती वाचली, मान डोलावली आणि पुढे वाकून एक बटण दाबलं. विमान सध्या वाशीमच्या बाजूला आहे.

तेव्हा कोणाला खरोखरच यवतमाळला यायचं असेल, तर त्यांनी आमच्या भरवशावर राहू नये. नागपूरला एसटी स्थानकावर जाऊन यवतमाळची गाडी धरावी, खिडकीची जागा मिळाली तर बघावी, आणि ड्रायव्हरला वाटेत काहीही सांगावं. तो ऐकत नाही. यवतमाळ आलं की कंडक्टर ओरडतो, आणि गाडी विनावाहक असली तर ड्रायव्हर ओरडतो.